वाचलेले आणि न वाचलेले

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. (वाकल्याचं कागदावर दिसत नाही, म्हणून अक्षर जरा झुकवून काढलंय.) 'वन्सं' म्हटलं की मालिकेत असल्यासारखं वाटतं अशी तुमची तक्रार असते, पण पत्रात 'ताई' लिहिलं की मला बँकेतल्या बाईंना अर्ज करतेय असं वाटायला लागतं, तेव्हा एवढं सोसा. तुमचा गुडघा काय म्हणतो? शाळेचे जिने अजून त्याच गुडघ्यावर चढता की मुलींना मराठी शिकवायला आता खालचा वर्ग मिळाला? आम्ही इथे सगळे मजेत आहोत. म्हणजे आत्ता आहोत. मध्ये थोडे दिवस नव्हतो, त्याचीच ही हकीकत. पंखा हळू फिरतोय, पलीकडच्या खोलीत बाबा डोळे मिटून पडलेत (झोपलेत की ऐकतायत ते कळायला मार्ग नाही) आणि उन्हाचा एक पट्टा टेबलावरून इतक्या सावकाश सरकतोय की मीही तितक्याच सावकाश सांगणार आहे.

तुमच्या बाबांचा मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकलाय हे तुम्हाला ठाऊकच आहे. उभी हयात वेधशाळेत ढग बघण्यात गेली आणि आता घरातसुद्धा ढग दिसतात, तर त्याचंही त्यांना वाईट वाटत नाही. "पांढरा, पातळ थर आहे. पाऊस नाही देणार," म्हणतात. ऑपरेशनचं काढलं की "नंतर बघू." वाचनाचंही तेच. टॅबलेटवर लेख उघडायचा, मथळ्याची मोठी अक्षरं डोळ्यांजवळ धरून वाचायची, खालचं बारीक दिसत नाही म्हणून "नंतर वाचू" म्हणायचं, आणि लेख हरवू नये म्हणून तो घरच्यांच्या ग्रुपवर टाकून द्यायचा. वटवाघळं, हिमनद्या, जुनी दीपगृहं, काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही. थोरल्या काकू पाय घसरून पडल्याची बातमी अशाच दोन लेखांच्या मध्ये आली आणि आम्ही सगळे तिला अंगठा दाखवून मोकळे झालो. काकू अजून बोलत नाहीत.

तेव्हा तुमचा भाऊ म्हणाला, बाबांच्या लेखांना वेगळा मजला बांधून द्यायला हवा. (लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला जगातला प्रत्येक प्रश्न मजल्यांचाच वाटतो.) त्यानेच शोधून काढलं की नंतर वाचायचे लेख साठवून ठेवणारा एक प्रोग्रॅम फुकट मिळतो. कुणीही घ्यावा, आत डोकावावं, बिघडलं तर दुरुस्त करावा, आपल्या घरच्या संगणकावर बसवावा. फक्त त्यात मराठी नव्हती. बाबा म्हणाले, मराठी नसेल तर मी हात लावणार नाही. मी म्हणाले, त्यात काय, मी करते. गेली कित्येक वर्षं मी औषधांच्या खोक्यातल्या घडीच्या कागदांचं मराठी करते, 'उन्हापासून दूर ठेवा' हे मी झोपेतही लिहू शकते, मग चार बटणांची ती काय कथा! वन्सं, माणसाने असं मोठ्याने बोलू नये.

आधी तो बसवायचा होता. बिजागरी तुटलेला जुना लॅपटॉप बाबांच्या कपाटावर ठेवला. काळा पडदा, पांढरी अक्षरं. तिकडे सूचनांत लिहिलेलं इकडे उतरवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. एका ओळीच्या सुरुवातीला मी एक रिकामी जागा सोडायला विसरले, तर सगळं ठप्प! (म्हणजे अक्षर चुकलं नव्हतं, रिकामेपण चुकलं होतं. हे मला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं.) मग चालू झालं, तर घड्याळ मी भलत्याच देशाचं लावून ठेवलेलं. त्यामुळे बाबांनी नुकताच ठेवलेला लेख 'काही तासांनंतर जतन केला' असं दिसायला लागलं. मी घाईने दुरुस्त करायला गेले तर बाबांनी हात धरला. म्हणाले, "राहू दे गं. अंदाज वर्तवतंय ते." लॅपटॉप कपाटावर मधमाश्यांसारखा गुणगुणायचा, बाबा त्या गुणगुणीत डोळे मिटून पडायचे, आणि मी पायथ्याशी बसून शब्द लावायचे. तेवढ्यात खिडकीतून ढग जायचे. मी विचारायचे कुठला, ते न बघताच सांगायचे, आणि दोघांनाही ते खरं वाटायचं.

आता शब्दांचं सांगते. प्रोग्रॅममधली वाक्यं एकाखाली एक अशी येतात, कोण कुणाला म्हणतंय त्याचा पत्ता नाही. लेख साठवायच्या बटणाला मी पहिल्या दिवशी 'वाचवा' लिहिलं. माझ्या मते ते सुटसुटीत होतं. खालच्या दोन कप्प्यांना 'वाचलेले' आणि 'न वाचलेले'. संध्याकाळी तुमचा भाऊ कामावरून आला, त्याने पडदा बघितला. वर 'वाचवा', खाली डावीकडे वाचलेले, उजवीकडे न वाचलेले, आणि न वाचलेल्यांचा आकडा केवढा तरी. हातातला डबा तसाच धरून त्याने विचारलं, "अपघात कुठे झाला?"

मग 'वाचवा'चं 'ठेवून द्या' केलं. जुने लेख जिथे जातात त्या जागेला 'माळा' म्हटलं, ते बाबांना फार आवडलं. काही चुकलं की दिसणाऱ्या वाक्याचं मी 'काहीतरी बिनसलंय' असं केलं होतं. ते नेमकं बाबांनी वाचलं आणि दिवसभर घरात आळीपाळीने आम्हा दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय बिनसलंय ते सांगून टाका, मी कुणाची बाजू घेणार नाही." (वन्सं, तेव्हा आमचं खरंच थोडं बिनसलेलं होतं, ओल्या टॉवेलवरून. ते त्यामुळे मिटलं.) पण खरी अडचण बाहेर पडण्याच्या बटणाची झाली. मी 'बाहेर पडा' लिहिलं. बाबा दुखावले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कपाटावरून, स्वतःच्या सुनेने लिहिलेलं 'बाहेर पडा'! म्हणून मी तिथे 'येतो' लिहिलं.

हा सगळा प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो माणूस कुठल्याशा देशात फेरीबोटीवर तिकिटं फाडतो आणि बोट धक्क्याला लागलेली असताना हे काम करतो. मी त्याला बोटवाला म्हणते. माझे शब्द त्याच्याकडे तपासायला जायचे. त्याने 'येतो'चा अर्थ कुठल्या तरी यंत्राला विचारला आणि मला कळवलं की बाई, चूक झाली, हे बटण जाण्याचं आहे, येण्याचं नाही. मग मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. आमच्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. बोलून दाखवायचं ते परत येण्याचं, जाणं तर काय दिसतंच. दोन दिवस काही आलं नाही. मग त्याचं उत्तर आलं की त्याने शब्द मंजूर केलाय, आणि काल संध्याकाळी बोट सोडताना तो धक्क्यावरच्या माणसाला तेच म्हणाला. त्या माणसाला काही कळलं नाही, पण त्याने हात हलवला. मी ते बाबांना वाचून दाखवलं. बाबांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

आणि मग मी घोळ घातला. प्रोग्रॅमच्या सेटिंगच्या फायलीत एक ओळ होती, लेख किती दिवसांनी काढून टाकायचे त्याची. मी शून्य लिहिलं. माझ्या मनात शून्य म्हणजे कधीच नको. प्रोग्रॅमच्या मनात शून्य म्हणजे आत्ताच्या आत्ता. दुपारी जरा माझा डोळा लागला, स्वप्नात मी कुठल्याशा बोटीवर कपडे वाळत घालत होते, आणि जाग आली तर बाबा टॅबलेट पोटावर ठेवून शांत बसलेले. पडद्यावर एकही लेख नाही. रिकाम्या कप्प्यासाठी मीच कौतुकाने लिहिलेलं वाक्य तेवढं मोठ्या अक्षरात होतं: 'इथे काहीच नाही. निवांत बसा.'

माझं धाबं दणाणलं. मी रडायच्या बेताला आले. एवढे दिवस ज्यांच्यासाठी खटाटोप केला त्यांचंच सगळं मी पुसून टाकलं होतं. बाबांनी मला समोर बसवलं.

"गेलं का सगळं?"

"हो, बाबा."

"सगळंच?"

"सगळंच."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "आता नंतरसाठी म्हणून काही उरलंच नाही. डोळ्यांचं करून टाकू."

वन्सं, दोन वर्षं आपण तिघं ज्यासाठी घसा कोरडा करतोय, ते एका शून्याने केलं! डॉक्टरीणबाईंना मी त्याच संध्याकाळी फोन केला, बाबांचं मन फिरायच्या आत. पुढच्या आठवड्यात उजवा डोळा.

तेव्हापासूनच्या दुपारी मी कशा सांगू? माझं मन खात होतं, म्हणून मी म्हटलं की बाबा, मथळे आठवत असतील तर सांगा, मी शोधते. त्यांना सगळे आठवत होते. 'समुद्राखालची नदी,' ते म्हणाले, आणि थांबलेच नाहीत. त्या नदीला काठ असतात, काठावर काळोखातली झाडं असतात, वरून बोटी जातात आणि त्यांच्या सावल्या त्या नदीत वाहत जातात. दुसऱ्या दिवशी 'झोपेत चालणारं शहर'. त्यातले रस्ते पहाटे परत आपापल्या जागी येऊन पडतात, म्हणून कधीकधी आपल्याला ओळखीच्या रस्त्यावरच चुकल्यासारखं होतं. हे त्यांनी कुठेच वाचलेलं नाही, मथळ्याखालचं त्यांना दिसतच नव्हतं. तुमचा भाऊ हल्ली जेवायला दुपारी घरी यायला लागलाय. लिफ्ट खूप बिघडतात म्हणतो, पण येतो आणि दारात उभा राहून ऐकतो.

परवा त्यानेच मला हळूच सांगितलं की लेख गेलेले नाहीत. त्याने पहिल्या दिवसापासून सगळ्याची एक प्रत काढून ठेवली होती. "लिफ्टला कधी एकच दोर असतो का?" म्हणे. सांगितलं का नाहीस विचारलं, तर म्हणाला, "सांगणारच होतो, पण बाबांनी नदीचं सुरू केलं." मी ते लेख उघडून बघितले. 'समुद्राखालची नदी' ही पाण्याच्या पंपाची जाहिरात आहे. 'झोपेत चालणारं शहर' म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांच्या कंत्राटाची चौकशी. आम्ही दोघं स्वयंपाकघरात तोंडावर हात धरून हसलो, आणि प्रत परत जागच्या जागी ठेवून दिली. बघू. डोळा बरा झाला की वाचायला त्यांना नवं पुष्कळ मिळेल.

गुडघ्याला जपा. भाचरांच्या गालांना हात लावून माझं नाव सांगा.

तुमची भावजय

ता. क. लिहायचं राहिलंच. बोटवाल्याच्या नियमाप्रमाणे माझं मराठी दुसऱ्या कुणी मराठी माणसाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय पक्कं होत नाही. तुमच्याइतकं शुद्धलेखन घरात कुणाचं आहे? तेव्हा पुढच्या आठवड्यात चार दिवस रजा टाकून या.

ता. ता. क. ते तपासणं तिथे बसूनही होतं, एक बटण दाबलं की झालं. हे लिहिणार नव्हते, पण तुम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही. तरी या. डोळ्यावरची पट्टी काढताना समोर कोण हवं, असं डॉक्टरीणबाईंनी बाबांना विचारलं. मी शेजारच्याच खुर्चीत होते. बाबा म्हणाले, "मुलगी." मला राग आला नाही. (थोडा आला. तो तुम्ही आल्यावर काढेन.)