चौऱ्याण्णवच्या शेजारचं शिखर

बिस्क्रा, १४ नोव्हेंबर

लझहारीदादा,

सलाम. तब्येत बरी असेल, निदान खोकला तरी गेला असेल. गुरुवारची टोपली तुरुंगात मिळाली का? शखशूख्याचा रस्सा आईने केला होता. भाकऱ्या पहारेकऱ्यांनी सुरीने भोसकून तपासल्या असतील, तर तुकडे खा, नखरे करू नकोस. बागेतला खजूर उतरवून झाला. उम्हानीवहिनी गेलेल्या लेकीचा, रीमचा फ्रॉक उशाशी घेऊन पडून असते.

तू लिहिलंस, "तय्यबला कापलं याचं मला तिळभर वाईट वाटत नाही. पुन्हा उठला तर पुन्हा कापीन." आईने ते शेजारणींना मोठ्यांदा वाचून दाखवलं.

त्या दिवशी मी पाटावर नव्हते, पण सगळं ऐकलंय. तो शेजारच्या त्याच्या बागेला पाणी लावत होता. तू झावळ्या छाटायचा विळा घेऊन गेलास. पहिला वार मानेवर, दुसरा त्याने आडव्या धरलेल्या हातावर. दोन बोटं पाटातून वाहत खालच्या बागेत गेली. त्याच्या बायकोने, फतूमने, तुझे पाय धरले, तिला लाथ घातलीस. "माझ्या पोरीला विष घालतोस?" म्हणत तू तो हलायचा थांबल्यावरही मारत राहिलास.

गेल्या शुक्रवारी आपल्या चुलतभावांनी तय्यबच्या भावाचा जबडा फोडला. आता त्यांचं घर पेटवायचं ठरतंय, माणसं आत असताना. "विषारी अवलाद आहे सगळी," असं आईच म्हणते. म्हणून लिहितेय. नाहीतर खरं सांगते, गप्पच बसले असते. भित्री आहे मी.

दादा, चूक माझी आहे.

घरच्या माणसाचं रक्त स्वतः तपासायचं नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. मी रीमच्या रक्ताची बाटली दुसऱ्या कुणाच्या हाती लागूच दिली नाही. आमचं मशीन रक्तातलं विष फोडतं, तुकड्यांचं वजन करतं आणि प्रत्येक वजनावर एक शिखर काढतं. तय्यबच्या फवारणीच्या औषधाचा तुकडा चौऱ्याण्णववर येतो. मी घाईत मशीनला तेवढाच आकडा बघायला लावला. शिखर उभं राहिलं. तेवढ्यात तुझा फोन.

"बोल ना डॉक्टरीणबाई, त्याचंच ना?"

"हो, त्याचंच."

तासाभरात तय्यब मेला.

दुसऱ्या दिवशी पूर्ण तपासणी केली. तय्यबच्या औषधात क्लोरीन असतं. क्लोरीन असलं की दोन घरं पुढे, शहाण्णववर, एक बुटकं शिखर दिसायलाच हवं, पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. रीमच्या रक्तात दोन्ही शिखरं सारखीच उंच होती. तीनदा पाहिलं, डोळे चोळून पाहिलं. सारखी उंची म्हणजे ब्रोमीन. ते तय्यबच्या औषधात नावालाही नाही. ते आपल्या गोदामातल्या वायूत आहे. खजुरातली कीड मारायला तू प्लास्टिकखाली सोडतोस तोच. नळकांडं तूच आणलंस, बाजारातून, स्वस्तात, चिठ्ठीसुद्धा नसलेलं. मेलं ते नळकांडं आणि मेली माझी घाई!

तीन आठवडे तो कागद मी खणात कोंबून ठेवला.

काल फतूमकडे गेले. दारातच तिने माझ्या थोबाडीत मारली, मग आत बसवून पाणी दिलं. म्हणाली, रीमला विष बाधलं त्या दुपारी सगळे झोपले होते. रीम गोदामात प्लास्टिकखाली खजूर खायला शिरली होती. तय्यबने तिला पायाला धरून ओढून काढलं, खांद्यावर टाकून तुझ्या दारात धावत आणलं. त्याच्या सदऱ्यावर तिचीच ओकारी होती, आणि तुला तोच पुरावा वाटला. तू वार करत होतास तेव्हा तो "गोदाम, गोदाम" ओरडत होता. लोकांना वाटलं, लपायला जागा बघतोय.

आज सकाळी खरा अहवाल न्यायाधीशांच्या हातात दिला, माझा राजीनामाही सोबत. चुलतभावांना पोलिसांनी चौकीत बसवलंय. तुझ्या वकिलाकडे आता बोलायला काही उरलं नाही. मला माहीत आहे, मी तुला दोनदा मारतेय.

रविवारी भेटीला येईन. जाळीतून थुंकायचं असेल तर थुंक. पण त्याआधी फतूमच्या नावाने दोन ओळी लिहून ठेव, मी नेऊन देईन.

तुझी बहीण मबरूका,
जिच्या एका 'हो'वर तू विळा उचललास