वन्संची वरची खोली

मी, हे लिहून देणारी, माशांच्या तुकड्यांचे पोर्तुगीज शब्द इंग्रजीत आणण्यात उभा जन्म घालवलेली विधवा बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हृदयाबद्दल त्यांनी चांगलं काही लिहिलं नाही, पण मृत्युपत्राला तेवढं लागत नाही असं वकीलसाहेब म्हणतात. मी थकले आहे. जे आहे ते एकदाच सांगून मोकळी होते.

कलम एक. घर. हे घर यजमानांनी माझ्या नावावर केलं. खाली मी राहते आणि वरच्या खोलीत त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. त्यांना ना नवरा ना मूल, आणि या छपराखेरीज दुसरी जागा नाही. माझ्या मागे घर विकायचं आणि आत्याला एखाद्या बऱ्याशा वृद्धाश्रमात ठेवायचं, असं माझ्या चिरंजीवांनी ठरवलं आहे. मला विचारलं नाही, पण दलालाशी फोनवर बोलताना आवाज चांगला खणखणीत असतो. सबब, हे संपूर्ण घर, खालचं वरचं, जिना धरून, मी वन्संना देत आहे. त्यांना तिथून कोणी हलवू नये.

हे वाचून वन्संना आनंद होईल अशा भ्रमात मी नाही. त्यांनी माझ्याशी अबोला धरला त्याला कित्येक वर्षं झाली. अगदीच अडलं तर भिंतीशी बोलतात. ‘गॅस संपलाय म्हणावं.’ मीही भिंतीलाच सांगते, ‘उद्या येतोय म्हणावं.’ भिंतीला आमचा कंटाळा आला असेल.

अबोला का धरला, तेही इथेच लिहिते. पोर्तुगीज त्यांचं, इंग्रजी माझं आणि मध्ये ओट्यावर मासा, अशी आमची कामाची रीत होती. त्या शब्द वाचायच्या, मी त्याप्रमाणे मासा कापायची, आणि तुकडा दोघींनी हातात घेऊन काटा कुठे लागतो ते बघितल्याशिवाय इंग्रजी शब्द कागदावर उतरायचा नाही. ‘पोश्ता’ म्हणजे आडवा कापलेला, मधला काटा असलेला जाड तुकडा. ‘लोंबु’ म्हणजे पाठीचा मांसल भाग. ‘कशासु’, म्हणजे मानेचा तुकडा, आला तेव्हा मी वैतागून म्हणाले, “अहो वन्सं, माशाला कुठली आलीय मान?” त्या म्हणाल्या, “असते. तुझ्यासारखी ताठ नसते एवढंच.” दोघी हसून हसून बेजार झालो. त्या दिवशी काम काडीचं झालं नाही.

मग या शब्दांचं आमचं पुस्तक छापून आलं. प्रकाशकाने सगळ्या तुकड्यांना सरसकट ‘फिले’, म्हणजे बिनकाट्याचा तुकडा, करून टाकलं होतं, काटा असो की नसो. वाचकाला सोपं पडतं म्हणे. घशात अडकल्यावर कळेल किती सोपं ते. आणि मुखपृष्ठावर एकटीचं माझं नाव. वन्संनी पुस्तक बघितलं, ओट्यावर ठेवलं आणि वर निघून गेल्या.

मी इथे शपथेवर लिहिते की त्यांचं नाव मी काढलेलं नाही. दोन नावांनी मुखपृष्ठ भरून जातं, असं त्या माणसाचं म्हणणं. मी त्याच्याशी कडाकडा भांडले होते. वन्संनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही, म्हणून माझंही डोकं फिरलं. माझ्यावर एवढासुद्धा विश्वास नसावा? हे मला फार लागलं होतं. अजून लागतं.

कलम दोन. बँकेत जे काही उरलं असेल ते मुलाला. तो वाईट नाही, घाईचा आहे. त्याने आत्याला महिन्यातून एकदा तरी भेटावं आणि भेटताना घड्याळ काढून ठेवावं.

कलम तीन. माझ्या सगळ्या सुऱ्या बाजारातल्या मासेवालीला. तिने शिळा मासा माझ्या गळ्यात कधी मारला नाही. एकदा मारला, पण त्या आठवड्यात तिच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हा ते सोडून दिलं.

कलम चार. प्रकाशकाला काहीही नाही. शोकसभा घेऊ नये; घेतलीच तर त्याला बोलायला उभं करू नये.

इथवर लिहून झालं. खालच्या गल्लीतल्या शिंपीबुवांनी साक्षीदार म्हणून सही केली. दुसरे साक्षीदार डॉक्टर. त्यांची वाट बघत होतो, तेवढ्यात वन्सं जिना उतरून आल्या. हातात कपड्यांची बॅग. वकील आलेले बघून घर विकायला निघालं असं त्यांनी समजून घेतलं होतं. भिंतीकडे बघून म्हणाल्या, “कधी निघायचं ते सांगावं.”

मी कागद पुढे सरकवला. त्यांनी उभ्यानेच वाचला. मग चष्मा काढला आणि भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

“नाव तू काढलं नाहीस हे मला ठाऊक होतं. प्रकाशकाच्या कारकुनाने त्याच वर्षी सांगितलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू वर येशील, सांगशील, म्हणून थांबले होते. तू आलीच नाहीस.”

मला इतका राग आला की रडूच फुटलं. त्यांनाही. वकीलसाहेब खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनी तिकडे बघावं आणि इकडे वन्संनी त्यांचं पेन उचलून दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी झोकात सही ठोकावी!

“अहो आजी, हे काय केलंत?” वकीलसाहेब ओरडले. “साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही! तुमचं घर गेलं की. आता सगळं नव्याने लिहायला लागणार.”

“माहीत आहे. म्हणूनच केली,” वन्सं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “वहिनी, नवा कागद होईपर्यंत तुला मरता यायचं नाही. आणि तो मी इतक्यात होऊ देत नाही.”

स्थळ : घराची मागची खोली, ओट्यापाशी.
दिनांक : आजचा मंगळवार, दुपार.
साक्षीदार पहिले : शिंपीबुवा. सही आहे.
साक्षीदार दुसऱ्या : माझ्या वन्सं. सही आहे.
लिहून देणारीची सही : आज नाही.