हरिओमचा ब्रेकर

पुणे,
१० नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांना, अर्पूचा शि. सा. न. वि. वि.

आईचा फराळ सुखरूप पोचला. सुखरूप म्हणजे माझ्यापर्यंत. पुढे खोलीतल्या राजेश्रीने शंकरपाळ्यांचा डबा दोन दिवसांत निकाली काढला आणि वर म्हणते, तुमच्या परभणीकडे गोड जरा हात राखूनच घालतात.

मुख्य बातमी अशी की एम.टेक.च्या प्रबंधाचा माझा विषय मंजूर झाला. गावाकडच्या रस्त्यांवर मोटारसायकलच्या मागे बसणाऱ्यांना अपघात कुठे होतात आणि का होतात, हे शोधायचं. आमचे सर म्हणाले, परक्या तालुक्यात कशाला जातेस, तुझ्या पालमचे रस्ते तुला तोंडपाठ असतील. मी लगेच हो म्हटलं. तेव्हा पालमपासून आपल्या जांबटाकळी फाट्यापर्यंतची सगळी वळणं, पूल आणि गतिरोधक लिहून पाठवा. डिसेंबरात मी मोजमापाला येते. टेपचं दुसरं टोक तुम्ही धरायचं.

या काळात पत्रं कोण लिहितं म्हणून मुली हसतात. परवा मी सांगून टाकलं, की माझा धाकटा भाऊ हरिओम सायकलवर शाळेत जाताना फाट्यावर ट्रकखाली गेला, ती खबर अण्णांना फोनवर कळली आणि त्या दिवसापासून त्यांनी फोन कानाला लावलेला नाही. मग कुणी हसलं नाही.

गुडघ्याला तेल चोळत जा. आईला नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

अर्पू

जांबटाकळी,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. अर्पिता हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा तिने स्वतः वाचलं. मी जन्मभर गवंडीकाम केलं, ओळंबा आणि टेप हीच माझी दौलत. आता लेक रस्ता मोजणार आणि टेप मी धरणार, याहून माणसाला काय पाहिजे? राजेश्रीला म्हणावं, गोडाची एवढी हौस असेल तर इकडे ये, गुळाची अख्खी ढेप पुढ्यात ठेवतो.

यादी वेगळ्या कागदावर आहे. नऊ गतिरोधक, दोन पूल, एक वाईट वळण. पण फाट्यावरचा हरिओमचा ब्रेकर तुझ्या पुस्तकात फोटोसकट आला पाहिजे. त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो माझ्या हाताने बांधला, सरकारची वाट पाहिली नाही. तेव्हापासून शाळेच्या एकाही लेकराला तिथे धक्का लागलेला नाही. डांबर दोनदा उखडलं, ब्रेकरला चीर नाही. दर अठरा जानेवारीला मी त्याच्यावर सिमेंटचा एक थर चढवतो. लोक श्राद्धाला पान वाढतात, मी थर देतो. सात झाले. आठव्यासाठी पोतं कोरड्या जागी काढून ठेवलं आहे.

मेसचं जेवण आवडत नसलं तरी पोटभर खा. येण्याची तारीख कळव.

तुझ्या सुखात सुख मानणारा,
अण्णा

पुणे,
२८ डिसेंबर २०२४

ती. आईस सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम अंगणवाडीच्या सुकेशनीताईंच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुला फोन केला की अण्णा समोरच बसलेले असतात, आणि घरी आलेलं पत्र तेच आधी फोडतात.

गावी आले होते तेव्हा मी सरकारी दवाखान्यात दोन दिवस अपघातांची रजिस्टरं वाचत बसले होते, आठवतं ना? तीन वर्षांत आपल्या फाट्यावर गाडीवरून पडलेल्या अकरा जणी त्यात आहेत. सगळ्या बायका, सगळ्या नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या. त्यांतल्या दोघी गेल्या. त्या रस्त्यावर एकाच जागी इतक्या कुठेच नाहीत.

अण्णांनी टेप धरली होती तेव्हा ब्रेकर तेवीस सेंटीमीटर भरला. नियमाने दहा हवा, आणि दोन्ही बाजूंना लांब, सावकाश उतार. आपला उंबऱ्यासारखा उभा आहे; ना पांढरे पट्टे, ना पाटी. अण्णांनी विचारलं, बरोबर आहे ना. मी हो म्हटलं. आई, मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले.

तुला यातलं काही माहीत आहे का? अठरा तारखेला ते आणखी एक थर टाकतील, आणि माझं कशातच लक्ष लागत नाही. लवकर लिही. तुझा हात पाठीवर असू दे.

अर्पू

जांबटाकळी,
४ जानेवारी २०२५

चि. अर्पूस आईचा लय लय आशीर्वाद.

सुकेशनीनं पत्र पदराखाली आणून दिलं. मला ठावं हाय गं. गावातल्या समद्या बायकांना ठावं हाय. ब्रेकर आला की आमी गाडीवरून उतरताव, पायी पलीकडं जाताव, मग परत बसताव. बाहेरगावच्या बायांना काय माहीत? त्याच पडत्यात. रस्त्यावर रगत सांडलं की मी घागरभर पाणी नेऊन टाकते, तुझ्या अण्णांना दिसू नये म्हणून.

तू म्हणशील, मग बोलली का न्हाईस. थर टाकताना ते हरूसंग बोलत्यात. आज तू कितवीला असतास, केवढा उंच झाला असतास, असं. वरीसभरात तेवढंच एकदा त्याचं नाव त्यांच्या तोंडातून निघतं. ते मी कसं बंद करू? एक लेकरू गेलं, आता माणूस बी खचंल, असं भेव वाटतं. पण त्या दोघींची बी लेकरं असतीलच की. हे माझ्यानं व्हायचं न्हाई. तू शिकलीस, तू लिही. अठराच्या आत लिही.

तुझ्याकडं डोळे लावून बसलेली,
आई

पुणे,
८ जानेवारी २०२५

ती. अण्णांना शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिते आहे, म्हणून सरळच सांगते. आपला ब्रेकर माणसं पाडतो आहे. तीन वर्षांत अकरा बायका पडल्या, दोघी मेल्या. दवाखान्याच्या रजिस्टरात फाट्याचं नाव अकरा वेळा लिहिलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डिसेंबरात तुम्ही विचारलंत तेव्हा मी घाबरून हो म्हटलं, त्याची माफी मागते.

ब्रेकर नकोच, असं मी म्हणत नाही. ट्रक हळू झाले, शाळेची लेकरं वाचली, हे तुमचंच काम आहे. तुम्ही पहिल्यांदा बांधलात तेव्हा तो नऊ सेंटीमीटर असेल, आणि उंचीला ठीक होता. पुढचे सात थर चुकले. हरूसाठी जीव तुटतो म्हणून तुम्ही ते टाकलेत, हे मला कळतं. माझाही तुटतो. पण गाडी तिथे उडते आणि मागची बाई डोक्यावर पडते.

यंदा थर टाकू नका, अण्णा. पाया पडते. प्रबंधात मी गावाचं नाव देणार नाही, नुसता फाटा क्रमांक सात. कुणालाही कळणार नाही.

रागावलात तरी लेक म्हणून जवळ धरा.

अर्पू

जांबटाकळी,
१९ जानेवारी २०२५

चि. अर्पितास,

पत्र पंधराला मिळालं. काल आठवा थर टाकला.

चाळीस वर्षांत माझ्या हातची एक भिंत कलली नाही, आणि माझी लेक मला सांगते की मी माणसं पाडली. गाडी हाकणाऱ्याला अक्कल नसेल तर ब्रेकरने काय करावं? दोन वर्षांमागे एक बाई पडली. मीच पाणी पाजलं, मीच जीपमध्ये घातलं, आणि तिच्या नवऱ्याला तिथेच चारचौघांत खडसावलं, की बायकोला मागे बसवून अशी गाडी चालवतात का. तो मान खाली घालून उभा होता. चूक त्याची होती म्हणूनच ना?

तुला शिकवलं ते यासाठी का? टेप माझ्या हातात दिलीस आणि माझ्याच लेकराचं माप काढलंस. पाडव्याला यायची घाई करू नकोस.

दिनकर

पुणे,
२६ जानेवारी २०२५

ती. अण्णांना,

तुम्ही आशीर्वाद लिहिला नाहीत, तरी माझा शि. सा. नमस्कार.

वाद घालत नाही. एकच मागते. आमच्या कामात एक पद्धत आहे. रस्त्याच्या कडेला दिवसभर बसायचं, कुणाला अडवायचं नाही, काही सांगायचं नाही, येणारी प्रत्येक गाडी फक्त वहीत लिहायची. फाट्यावरच्या लिंबाखाली तीन दिवस बसा, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आखलेली वही सोबत आहे. पहिल्या रकान्यात गाडी, दुसऱ्यात मागे बाई होती का, तिसऱ्यात ब्रेकरपाशी तिने काय केलं. शेवटच्या पानावर नियमातल्या ब्रेकरची आकृती काढली आहे. तीन दिवसांनंतरही मी खोटी वाटले, तर विषय बदलते, वर्ष वाया गेलं तरी चालेल.

तुमच्या उत्तराची वाट पाहते. नाही लिहिलंत तरी पाहीन.

अर्पू

जांबटाकळी,
२० फेब्रुवारी २०२५

चि. अर्पूस अनेक आशीर्वाद. मागच्या पत्रातला राहिलेलाही यातच धर.

वही सोबत पाठवतो. पहिले दोन दिवस मी तुला खोटी पाडायलाच बसलो होतो. मागे बाई बसलेल्या एकशे बारा गाड्या गेल्या आणि त्यांतल्या पंच्याहत्तर जणी ब्रेकरच्या अलीकडे उतरल्या. मी मनाशी म्हटलं, पाय मोकळे करत असतील. तिसऱ्या दिवशी तुझी आई बाजारातून शेजारच्या सितारामच्या गाडीवर आली. अलीकडेच तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली, उतरली, पदर सावरत कडेने चालत गेली आणि पलीकडे परत बसली. ब्रेकरकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पोराच्या नावाने बांधलेल्या गोष्टीला त्याची आई इतकी वर्षं भीत होती आणि ते मला कळलं नाही, याची मला फार लाज वाटली. तिसऱ्या रकान्यात 'उतरली' एवढंच लिहिलं आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी छिन्नी-हातोडा घेतला. काम इतकं पक्कं की चार दिवस लागले आणि हाताला फोड आले. गाव जमलं. सिताराम म्हणाला, लेकरांचं काय. त्याचं म्हणणं रास्त आहे. म्हणून वरचे आठही थर काढले आणि पहिला ठेवला. त्याला तुझ्या आकृतीप्रमाणे दोन्हीकडून लांब उतार दिला, पांढरे पट्टे मारले. पाटीसाठी अर्ज दिला आहे. तोवर शाळा भरता-सुटताना मी लाल फडकं घेऊन उभा राहतो.

मग पूर्णेला गेलो. ज्याला मी खडसावलं होतं तो नागसेन. रेल्वेत रुळांच्या कामावर आहे. जीपवाल्याला त्याचा पत्ता ठाऊक होता. बायको बबिता, तुझ्या रजिस्टरातल्या गेलेल्या दोघींपैकी एक. मी उंबऱ्यातच सांगितलं, की ब्रेकर मी बांधला आणि तो चुकीचा होता. मला वाटलं हात उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं. मग त्याने विचारलं, म्हणजे गाडी मी नीट चालवत होतो का. मी हो म्हटलं. दोन वर्षं त्याने गाडीला हात लावलेला नाही, कामावर पायी जातो. बबिताच्या माहेरचे त्याच्याशी बोलत नाहीत. लेकीलाही त्याने हेच सांगितलं आहे, की तुझी आई माझ्या चुकीने गेली. त्याने तिला आतून बोलावलं आणि मला म्हणाला, आत्ता म्हणालात ते हिच्यासमोर पुन्हा म्हणा. मी म्हटलं.

अर्पू, पुस्तकात क्रमांक सात लिहू नकोस. जांबटाकळी फाटा लिही, आणि बांधणाऱ्याचं नावही लिही. उरलेल्या दहा घरांतही कुणी ना कुणी असाच मान खाली घालून बसला असेल. रजिस्टरातली नावं द्यायची तुला परवानगी नसेल, तर नुसती गावं कळव. घरं मी शोधीन.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
अण्णा