डुलणारा मामा

॥ श्री ॥
सांगली, १२ जानेवारी २०२५

चि. सौ. चारूस गोपाळदादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर माझं पुटपुटणं तुला कळत नाही आणि अक्षर मुंगीएवढं झालंय, म्हणून सूनबाई अश्लेषा लिहून घेत आहे. तुझी सई बोहल्यावर चढणार, फार आनंद झाला. पण तिला मांडवात आणायला मामा म्हणून देवदत्तला उभं कर. धाकटा असला तरी मामाच.

कारण सांगतो. पार्किन्सन उजव्या हातात सुरू झाला, मग त्याच बाजूच्या पायात उतरला, आता डावी बाजूही धरलीय. त्याला मी सरावलो. पण हल्ली गोळी लागू पडली, की हातपाय मोकळे होतात आणि मान-खांदे आपोआप डुलू लागतात. शेजारच्या बाळासोकडच्या साखरपुड्यात एक पाहुणा म्हणाला, आण्णा सकाळीच लावून आलेत व्हय! सगळे हसले. तुझ्या व्याह्यांपुढे तसं नको.

माया आहे तशीच ठेव.
तुझा दादा

ता. क. आत्या, हे माझं. बाहेर जायचं असलं, की डुलायला नको म्हणून बाबा गोळीच टाळतात. परवा मंडईत पाय जमिनीला चिकटले आणि ते पडले. गुडघा फुटलाय. त्यांना सांगू नका. – अश्लेषा

सातारा, १७ जानेवारी

ती. दादास चारूचा सा. नमस्कार वि. वि.

गुडघा कसा आहे? अश्लेषावर चिडू नकोस, माझ्या पोटात काही राहत नाही हे तिला नवीन आहे.

देवदत्त म्हणतो, दादा असताना मी कसा पुढे होऊ? सई तर तुझ्याशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही म्हणते. विहीणबाईंना मी स्वतः सांगून आले, की माझा भाऊ डुलतो तो औषधाने, दारूने नव्हे. त्यांनी ऐकून घेतलं आणि तुला मऊ भात लागतो का, एवढंच विचारलं.

गोळ्या मात्र मनाने टाळू नकोस. डॉक्टरांपुढे तू नेमका नीट बसतोस, त्यांना कळणार कसं? अश्लेषाला मोबाईलवर तुझं डुलणं टिपून घ्यायला सांग आणि ते त्यांना दाखव.

वाट पाहणारी,
चारू

सांगली, ९ मार्च

चि. सौ. चारूस अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी गोळी विभागून दिली. एका वेळी थोडी, पण जास्त वेळा. डुलणं कमी झालं, गेलं नाही. ते तू पाहिलंसच. मांडवात येताना सईने माझं कोपर घट्ट धरलं होतं. बघत कोण होतं, मला आठवत नाही.

तू पाहिलं नाहीस ते सांगतो. जेवणं झाल्यावर जावईबापूंचे काका वीरधवलराव शेजारी येऊन बसले. उजवा हात खिशात. बराच वेळ उसाच्या दरावर बोलले. मग हळूच विचारलं, तुमचं सुरुवातीला कसं होतं? मी म्हणालो, एका हातापासूनच. पुढे सरकतं, पण सावकाश, आणि सगळ्यांचं सारखं नसतं. औषधावर इतकी वर्षं चाललो, आज भाचीला घेऊनही चाललो.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातला हात काढून माझ्या मांडीवर ठेवला. थरथरत होता. मी त्यावर माझा ठेवला. कुणाचा किती हलतोय, काही कळेना.

काल त्यांचा फोन आला. घरी सांगितलं म्हणाले, म्हणून तुला लिहितो. मंगळवारी डॉक्टरांना दाखवायला इकडे येताहेत. एकट्याने आत जायची भीती वाटते म्हणाले. मी बरोबर जाणार आहे.

घरातल्या लहानथोरांना माझी आठवण सांग. लोभ वाढता राहो.
तुझा दादा