अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचं खोकं

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तू माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेस तोवर ते घ्यावेच लागतील.

पत्रास कारण घरचा पियानो. दमट हवेने मधल्या सात पट्ट्या अडकायला लागल्या, म्हणून परवा मी सगळ्या अठ्ठ्याऐंशी उपसून खोक्यात भरल्या आणि आपल्या दुरुस्तीच्या दुकानात आणल्या. सातांसाठी सगळ्या कशाला, असं आईने विचारलं. पण बाबांची पद्धत तुला ठाऊक आहे: दुरुस्ती करायची तर सगळ्याची, नाहीतर हात लावायचा नाही. आणि घरच्या पियानोला तर त्यांनी मला कधी हात लावूच दिला नव्हता. एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली गावभरचे पियानो लावले, पण घरचा तेच उघडणार, तेही मी कामावर बाहेर असताना. आता ते जाऊन दीड वर्ष झालं. झाकणावर धूळ असेल असं वाटलं होतं, पण नव्हती. आई पुसत असावी.

तर ऐक. पट्टीचं बोटाखालचं टोक तेवढं आपल्याला दिसतं, बाकी हातभर लाकूड आत दडलेलं असतं. त्या लाकडाच्या कडेवर बाबांनी बारीक पेन्सिलीने नावं लिहून ठेवली आहेत! खरी नव्हेत, ठेवलेली. अगदी खर्जात ‘चर्चच्या ऑर्गनवाल्या बाई, पायांनीसुद्धा वाजवतात’. मग ‘जहाजावरचा डावरा’, म्हणजे तो जाझवाला, ज्याची तबकडी झिजून करकरायची. ‘मूकपटाला साथ देणारे आजोबा’. ‘तीन रुमाल भिजवणारे’, हे मोठ्या मैफलींतले कुणी शास्त्रीय वादक असावेत. ‘रेडिओवरचा हळवा, शेवटचा सूर सोडतच नाही’. पार वरच्या पट्टीवर ‘तीन बोटांची पोरगी, पण काय ती तीन बोटं!’ अशी एकूण एकेचाळीस नावं. ज्या माणसाने जन्मात कुणाला ‘बरं वाजवतो’ म्हटलं नाही, त्याने आत हे लिहून ठेवावं? हसावं की रडावं कळेना. अक्षर बघताक्षणी ओळखलं. शाळेत आपण रजेचे अर्ज न्यायचो, त्यावरचं तेच तिरकं बारीक अक्षर.

आई ठीक आहे. हल्ली फार गप्प असते. पट्ट्या कधी आणतेस म्हणून दोनदा विचारलं. म्हटलं, घाई काय आहे.

तुझ्या लोभातली,
ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. साष्टांग घालायची इच्छा नव्हती, रीत म्हणून घातला.

एवढं पानभर लिहिलंस आणि मी पहिल्यांदा काय विचारणार हे तुला पक्कं ठाऊक होतं, तेवढंच गाळलंस. त्या एकेचाळिसांत मी आहे का? हो किंवा नाही, एका शब्दात कळव. दोन शब्द नकोत.

बावीस वर्षं मी कीबोर्ड वाजवतो आहे. लग्नात वाजवला, जहाजावर वाजवला, स्टूल तुटलं तेव्हा उभ्याने वाजवला. बाबा एकदा, फक्त एकदा ऐकायला आले, आणि घरी येऊन आईला म्हणाले की पोराचं ते घडीच्या पायांचं इस्त्रीचं टेबल छान वाजतं. मी दारातच होतो. आई हसली होती, हेही मी विसरलेलो नाही. त्यानंतर मी त्या घरात मुक्कामाला राहिलो नाही. का येत नाहीस म्हणून दर पत्रात विचारतेस ना, त्याचं उत्तर हे. आता म्हणे आत यादी निघाली. बघ आणि कळव.

तुझा भाऊ

दि. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद, आणि वर एक धपाटा.

नाहीस. सगळ्या पट्ट्या चारही बाजूंनी भिंगाखाली पाहिल्या. आणि तुला कुठूनतरी कळण्यापेक्षा मीच सांगते: ‘बटणांचा राजा, गिटारवाल्यांच्या गोंगाटातला’ आहे, कुणी कीबोर्डवालाच. म्हणजे बाबांचं वैर तुझ्या वाद्याशी नव्हतं. लिहिताना मलाच वाईट वाटतंय, पण तुला एक शब्द हवा होता, तो दिला.

आता माझं ऐक. मी तरी कुठे आहे? दिवसभर तीन-तीन पियानो लावून संध्याकाळी खांदे भरून यायचे, तेव्हा शेवटी वाजवून बघायला बाबा मलाच बसवायचे. वाजवून झालं की म्हणायचे, सुरात आहे. कोण सुरात आहे, पियानो की मी, हे कधी बोलले नाहीत. तू रुसून निघून गेलास. मी राहिले, रोज तेच ऐकलं, आणि माझंही नाव नाही. ‘तीन बोटांची पोरगी’ आहे, दहा बोटांची नाही! तुझा राग मोठा आणि माझा धाकटा असं समजू नकोस.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. टेबलावर बोटं आपटत बसली होती, तिलाही राग आला असणार. पट्ट्यांचं तिने पुन्हा काढलं. म्हटलं, आधी हे निस्तरू दे.

राग आवरून लिही.

ताई

दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार.

राग आवरत नाही, आवरणारही नाही. गिटारवाल्यांच्या गोंगाटातला कुणीतरी परका चालला, आणि पोटचा पोरगा चालला नाही! वाद्याचं कारण होतं तेव्हा मी त्यावर जगलो तरी. म्हातारा जुन्या वळणाचा आहे, त्याला कळत नाही, असं स्वतःला सांगत आलो. तेही कारण तू काढून घेतलंस. म्हणजे मीच वाईट वाजवतो, एवढंच उरलं.

तुझ्याकडे पॉलिशचा कागद आहे. एकेचाळीस पट्ट्या घास आणि साफ कर. नाहीतर खोकं तसंच बांधून ठेव, मी येईन तेव्हा स्वतः घासतो. महिना लागो, वर्ष लागो. माझ्याशिवाय एकही पट्टी परत बसवलीस तर आपलं नातं पत्रापुरतंही उरणार नाही. आईला सांग, तिने यात पडू नये, आराम करावा.

कुणाच्याच यादीत नसलेला,
धाकटा

दि. २६ फेब्रुवारी

चि. दोघांस,

आशीर्वाद. ते रागाने उतरत नाहीत, नाहीतर आज उतरवले असते. कार्बन घालून एकच पत्र दोघांना लिहिते आहे, कारण मूर्खपणा दोघांचा सारखाच आहे.

रजेच्या अर्जावरचं अक्षर ओळखलं म्हणे. ते अर्ज मी लिहीत होते, तुमचे बाबा खाली सही ठोकत होते. पट्ट्यांवरची नावंही माझी आहेत. त्यांना गाणं कळत नव्हतं रे, पियानो कळत होता. कुणीही वाजवू दे, त्यांचा कान चढलेल्या-उतरलेल्या तारेवर. लग्न झाल्यापासून वर्षातून एकदा ते पट्ट्या उपसायचे आणि मला हाक मारायचे, या साली कोण, म्हणून. मग मी वर्षभरात ज्याला ऐकून सुखावले त्याचं नाव लिहायची. एकेचाळीस वर्षांचा संसार, एकेचाळीस नावं. तुम्ही मोजलीत, पण कशाची ते विचारलं नाहीत.

तुम्ही दोघं त्यात नाही, कारण ज्यांना मी डोळे मिटून ऐकू शकले तेच त्यात आहेत. तुम्ही वाजवायला बसलात की सूर माझ्या कानांत कधी शिरलेच नाहीत. पुढे चुकेल, आता अडखळेल, या धास्तीने माझीच बोटं मांडीवर आखडायची. धाकट्या, इस्त्रीच्या टेबलावर मी हसले, ती चूक माझी. चारचौघांत कबूल करते. पण तू चांगला वाजवतोस की वाईट, ते देवाशपथ मला अजून माहीत नाही.

आणि आता माझा राग ऐका. मी नाचाच्या शाळेत सव्वीस वर्षं मुलींच्या पायांना पियानोची साथ दिली. त्या नाचल्या, लोकांनी त्यांना पाहिलं. शाळा बंद झाल्यापासून ताई दुकानात गेली की रोज अकरा वाजता मी घरी वाजवायला बसते. धूळ नव्हती ना झाकणावर? पुसत नाही मी, वाजवते. गावभरच्या पियानोंचं दुखणं कानाने ओळखणाऱ्या पोरीला स्वतःच्या घरात कोण वाजवतं ते कळलं नाही! यादी सापडल्यावर तुम्ही आपापली नावं भिंग लावून शोधलीत. आई का नाही त्यात, असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. मीही कधी स्वतःला लिहिलं नाही म्हणा.

ताई, मी तीनदा पट्ट्या मागितल्या. टेबलावर बोटं आपटत होते ती रागाने नव्हे, सराव मोडू नये म्हणून. चोवीस दिवस झाले, पियानो दात पडल्यासारखा आ वासून बसला आहे आणि समोर मी.

कुणी काही घासायचं नाही. धाकट्याने शनिवारी यावं, दोघांनी मिळून एकेक पट्टी जागेवर बसवावी आणि अकराच्या आत पियानोसमोरून उठावं. मग खुर्च्या घेऊन मागे बसा. या सालचं नाव अजून लिहायचं राहिलं आहे. ते तुम्ही ऐकून ठरवा. पेन्सिल माझ्याकडे आहे.

तुमची आई