तारखेची रिकामी जागा

२ एप्रिल १९७३, सोमवार

पोचले एकदाची! एस.टी.नं दिंद्रुडच्या फाट्यावर उतरवलं, तिथून मैलभर पायी, डोक्यावर ऊन आणि काखेत वळकटी. तरी स्वारी खुशीत. चौदा पेट्या कागद, तीन महिने मुदत, आणि यादी पुरी झाली की विद्यापीठाच्या ग्रंथालयात कायमची जागा. आमच्या घरातली पहिली पगारदार बाई मी होणार.

कागद रेव्हरंड प्रोफेसर दाविद पाटोळे यांचे. लुथरन पंथाचे पाद्री. अठरा वर्षं विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलं, मग इथं बंगली बांधून राहिले आणि तीन वर्षांपूर्वी वारले. किल्ली बबनरावांनी दिली. ते पाणीपुरवठा सोसायटीचे चेअरमन. बोलणं फार गोड, म्हणजे आपण सांभाळून राहावं असं. कागद हलले की बंगली आणि मागची विहीर सोसायटीला हवी आहे, हे चहा संपायच्या आत दोनदा ऐकवलं. या दुष्काळात आसपास पाणी टिकलेली तेवढीच विहीर आहे.

स्वयंपाकाला चतुराबाई आहेत, पाद्रीसाहेबांच्या काळापासूनच्या. जेवायला मिलोची, म्हणजे रेशनवर आलेल्या अमेरिकी ज्वारीची, लाल भाकरी. घशाखाली उतरत नाही म्हटलं तर म्हणाल्या, बाई, अमेरिकेत ही डुकरं खात्यात म्हनं, आमी तर मानसं हाव. हसताना मला ठसका लागला.

५ एप्रिल

पाचव्या पेटीत गंमत सापडली. पाद्रीसाहेबांच्या मंडळीत माणसाला पुरताना त्याचं आयुष्य वाचून दाखवायची रीत होती. म्हणून जो तो जिवंतपणीच येऊन आपली हकीकत सांगायचा आणि साहेब लिहून घ्यायचे. नुसते ख्रिस्ती नव्हे, सगळ्या जातीची माणसं येऊन सांगून गेलेली. प्रत्येक कागदाच्या शेवटी एकच ओळ: 'गेले ता.' माणूस गेल्यावर साहेब शाईनं तारीख घालत.

काही कागदांवर ती जागा कोरी आहे. साहेबच गेले, मग घालणार कोण? बिनतारखेचा कागद यादीत घ्यायचा नाही, ही आमच्या ग्रंथालयातल्या सरांची शिस्त. तारीख नसेल तर नोंदीच्या दिवसाची, पेन्सिलीनं. जागा आयतीच होती. आज एकच कागद तसा निघाला, कारभारी नावाच्या गुराख्याचा. तारीख टाकून टाकली.

६ एप्रिल

चतुराबाई उशिरा आल्या. खडी फोडायच्या कामावर काल दुपारी कारभारी उन्हानं कोसळला आणि गेला. नाव ऐकून चमकले. मी त्याला कधीच मेलेला धरून चालले होते. योगायोग, दुसरं काय.

आज एक कागद: आश्रुबा, विहिरी खोदणारा. तारीख घातली.

७ एप्रिल

आश्रुबा काल आमच्याच विहिरीत गाळ काढताना दोर तुटून पडला. दोर सोसायटीचा. कारभारी आणि आश्रुबा, दोघंही विहीर सोसायटीला द्यायच्या विरोधात होते, असं चतुराबाई कुजबुजल्या. बबनराव मातीला आले होते आणि सगळ्यांत मोठ्यानं रडले. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून खटकतो.

१० एप्रिल

परवापासून पेट्यांना दुहेरी कुलूप. बबनराव हे कागद वाचून माणसं हेरतात, असा माझा संशय. काल गावातल्या कुणा जानकीबाईंच्या कागदावर तारीख घातली होती. आज त्या गेल्याचं कळलं. कालच गेल्या. पण काल दिवसभर किल्ली माझ्या कमरेला होती. कागद बबनरावांनी पाहिलाच नाही.

मग पाहिला कुणी? मी.

तिन्ही तारखा समोर ठेवून बसले आहे. अक्षर माझं. बबनरावांची माफी मागावी का? आणि मागून सांगू काय?

११ एप्रिल

पेन्सिल चुलीत घातली. चतुराबाईंचा कागदही याच पेटीत आहे. शेवटी कोरा. त्यांच्या हातचं जेवताना मान वर करवेना.

१२ एप्रिल

आश्रुबाची बायको पारूबाई पाण्याला आली होती. कडेवर नातू. मला म्हणाली, बाई, तुमी शिकलेल्या, सांगा की दोर का म्हून तुटला. मी आत पळाले.

आणि रबर घेतलं. आश्रुबाची तारीख खोडली. घासघासून, कागद विरेपर्यंत. जमेल तेवढं तरी निस्तरावं म्हणून.

१३ एप्रिल

भर दुपारी पायरीवर माणूस बसला होता. पाठमोरा. अंगावर ओला गाळ, आणि या उन्हातही तो वाळत नव्हता. चतुराबाईंच्या हातातलं भांडं पडलं. त्या म्हणाल्या, ह्यो तर आश्रुबा हाय.

बबनरावांनी कुणाला तरी सोंग देऊन पाठवलं असणार. मी तसं ओरडलेसुद्धा. त्यानं पाणी मागितलं. घागर प्याला. दुसरीही प्याला. तहान भागेना.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. गावातून घोषणा ऐकू येतात. मला जायचं होतं. तो ओसरीवर आला आहे. विहीर दोन हात उतरली. पारूबाई आली, त्याला पाहिलं, नातवाचे डोळे झाकले आणि घागर टाकून गेली. सोंग नाही हे. बायको नवऱ्याला ओळखते.

१५ एप्रिल

त्याची तारीख परत लिहायला बसले. विरलेला कागद पेनाच्या टोकानं फाटला. जागाच उरली नाही.

तो म्हणतो, माजी तारीख तुमी पुसली. आता मला जाता येईना आन् ऱ्हाताबी येईना. कुनाची तरी द्या.

१६ एप्रिल

तो आता माझ्या खोलीत आहे. कुलपं जशीच्या तशी — आणि त्याच्या हातात चतुराबाईंचा कागद. त्याला लिहिता येत नाही. म्हणून माझ्यापुढं धरून बसलाय.

चतुराबाई म्हणाल्या, लिवा बाई, मी लई जगले. नाही लिहिणार. एवढं एकदा तरी —

१७ एप्रिल

विहिरीचा तळ दिसतो. बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या आहेत. तो पितोच आहे.

चतुराबाईंना पाणी आणायच्या निमित्तानं माजलगावला धाडलं. त्यांचा कागद त्याच्या हातून सोडवून घेतला. बोटं थंडगार. बदल्यात म्हटलं, थांब, दुसरा देते.

भीती वाटते. फार. जगायचं होतं मला. पण चूक माझी, म्हणून कागदही माझाच.

वत्सला कचरू वाव्हळे. जन्म गेवराई. आठ वर्षांची असताना बापानं धम्म घेतला आणि मला शाळेत घातलं. भांडखोर. संशयी. लग्न नाही. एक नोकरी मिळायची होती. चतुराबाईंच्या हातची भाकरी शेवटी आवडायला लागली, ते सांगायचं राहिलं.

तो मागं उभा आहे. मानेवर पाणी ठिबकतंय —

गेली ता.