भट्टीच्या बंदुकीची काडतुसं

पप्पा, आज आमच्या शूटिंग क्लबमध्ये एका सिमेंट फॅक्टरीतून रिकाम्या काडतुसांचं खोकं आलं. माझी मुलगी शाळा सुटली की इथेच येते. तिने एक उचलून विचारलं, "डॅडा, व्हाय इज इट सो फॅट?" मी सांगितलं, सिमेंटच्या भट्टीत आतून दगडासारखा थर जमतो, भट्टी थांबवावी लागू नये म्हणून तो चाकांवरच्या बंदुकीने फोडतात, आणि तुझे ग्रँडपा रास अल खैमाला बावीस वर्षं तेच काम करायचे. तिला ते मी रचून सांगतोय असंच वाटलं.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण ते म्हातारे अरबी गृहस्थ मला अजून दिसतात. तेव्हा मी क्लबमध्ये नुकताच कामाला लागलो होतो. ते परवान्याचे कागद आणि एक आठ बोअरची बंदूक घेऊन आले. त्यांच्या आजोबांनी मुंबईला मोती विकायला गेल्यावर घेतलेली. पुढच्या आठवड्यात ती म्युझियमला द्यायची होती, त्याआधी दोन बार काढायचे होते. एवढ्या जाड नळीची काडतुसं कुठे मिळत नव्हती. "हबीबी, दो बार. बस, खलास," ते म्हणाले. तुमची भट्टीची बंदूकही आठ बोअरचीच, म्हणून मी छाती फुगवून म्हटलं, "मिल जाएगा." तुमचा डबा द्यायला फॅक्टरीत गेलो, तेव्हा पुन्हा भरता येतील म्हणून भंगाराच्या पिंपातून पिशवीभर रिकामी काडतुसं उचलून आणली.

संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात येता, टेबलावरची पिशवी बघता, आणि आधी बोंबलांखालचा गॅस बंद करता. "कोणाला विचारून आणलीस?" मी म्हणतो, भंगारच तर आहे. "भंगारालाही मालक असतो. ह्या टेबलावर आपण जेवतो. उचल." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला फॅक्टरीच्या मॅनेजरसमोर उभं केलंत. तुमची नोकरी जाईल, व्हिसा जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी अडखळत सगळं सांगितलं. मॅनेजर हसायला लागला आणि म्हणाला, पुढच्या वेळी अर्ज कर. त्याने पिशवीच्या गेटपासवर सही केली. बाहेर आल्यावर तुम्ही फक्त म्हणालात, "आता शुक्रवारी मी पण येतो. बघू तुझा म्हातारा."

शुक्रवारी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन आलात. क्लबच्या बंदुका दुरुस्त करणारे आमचे उस्ताद पेशावरचे. त्यांच्या बाकावर कुणी हात ठेवलेला त्यांना खपायचा नाही. तुम्ही एकेक काडतूस मोजत होता, उजेडात फिरवत होता. "हे फुगलंय. ह्याला चीर आहे. हे भंगारातच बरं." पिशवीतली जेमतेम पाच उरली. उस्ताद बघत होते. मग त्यांनी स्वतःचं स्टूल तुमच्याकडे सरकवलं आणि चहा मागवला. तुम्ही त्यांना एवढंच म्हणालात, "बंदूक बूढी है, हल्का भरना." ते म्हणाले, "भाई, मैं भी बूढा हूँ, समझता हूँ." भरण्याचं काम त्यांनीच केलं. पहिले दोन बार बंदूक स्टँडला बांधून, भिंतीमागून दोरी ओढून काढले. नळीला काही झालं नाही. मग म्हातारबाबा उभे राहिले. "यल्ला!" बार झाला, ते दोन पावलं मागे गेले, डोक्यावरचा रुमाल खांद्यावर आला, आणि आजोबांना ऐकू जावं अशा आवाजात ते हसले. दुसऱ्या बारानंतर त्यांनी तुम्हाला मिठी मारली. तुमच्या इस्त्रीची वाट लागली.

उरलेलं एक काडतूस त्यांनी तुमच्यापुढे धरलं. तुम्ही म्हणालात, "मैंने बहुत फोडा है. मेरा बेटा मारेगा." मी बंदूक खांद्याला लावली. बार झाल्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्यात आणि तिथल्या प्रत्येकाला सांगत सुटलात की समोरची निशाण्याची मातीची थाळी फुटली. घरी जाताना गाडीतही तेच, आणि वसईला फोन लावून मम्मीलाही तेच.

पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून इथेच लिहून टाकतो. पप्पा, मी डोळे घट्ट मिटले होते. थाळी फुटली की नाही, मला आजही माहीत नाही. तुम्ही इतके खुश होता की विचारलंच नाही.